गरोदरपणात पॅरासिटामॉल घ्यावी का? उत्तर दडलंय २५ लाख मुलांच्या जोडलेल्या नोंदींमध्ये

२२ सप्टेंबर २०२५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि गरोदर महिलांना जाहीरपणे सांगितलं, टायलेनॉल घेऊ नका. कारण काय, तर त्यामुळे मुलांना ऑटिझम म्हणजे स्वमग्नता होण्याचा धोका वाढतो.

टायलेनॉल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण त्यातलं औषध सगळ्यांना माहीत आहे. पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या नावांनी घराघरातल्या डब्यात पडलेली गोळी. गरोदरपणात ताप आला तर डॉक्टर बहुतेक वेळा हीच गोळी देतात, कारण आयब्युप्रोफेनसारखी इतर वेदनाशामकं त्या काळात जास्त जोखमीची मानली जातात.

त्यामुळे रील्स आणि फॉरवर्ड्समधून प्रश्न फिरायला लागला. आम्ही नऊ महिने जे घेतलं ते चुकीचं होतं का?

दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं की गरोदरपणातली पॅरासिटामॉल आणि ऑटिझम यांचा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेनंही आपला सल्ला बदलायला नकार दिला.

त्या चर्चेत एका अभ्यासाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. २०२४ साली स्वीडनमध्ये झालेल्या या अभ्यासात तब्बल २४ लाख ८० हजार मुलांची माहिती तपासली गेली होती. विशेष म्हणजे यासाठी एकाही घरी फोन गेला नाही, कुणाचं रक्त काढलं नाही. संशोधकांनी फक्त आधीपासून असलेल्या सरकारी नोंदी एकमेकांना जोडल्या.

हे नोंदी जोडणं म्हणजे काय? त्यातून आई आणि बाळाबद्दल काय कळतं? आणि आपल्याकडे ते अजून का होत नाही? समजून घेऊया.

नोंदी जोडणं म्हणजे नेमकं काय?

आपल्या आयुष्यात ठिकठिकाणी नोंदी होत असतात. जन्म झाला की एक, लस घेतली की एक, दवाखान्यात दाखल झालो की एक, औषध लिहून दिलं की एक, आणि शेवटी मृत्यूची एक. पण या नोंदी वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये पडलेल्या असतात.

एकेकटी नोंद फार काही सांगत नाही. 'अमुक दिवशी अमुक महिलेची प्रसूती झाली, बाळाचं वजन २.४ किलो' एवढंच तिच्यातून कळतं. पण त्याच महिलेची गरोदरपणातली तपासणी, तिनं घेतलेली औषधं आणि त्या बाळाच्या पुढच्या दहा वर्षांतल्या दवाखान्याच्या नोंदी एका दोऱ्यात ओवल्या, तर एक सलग गोष्ट तयार होते. सुरुवातीला काय घडलं आणि नंतर काय झालं, हे दिसायला लागतं.

अशा लाखो गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रश्न विचारता येतात. हे औषध घेतलेल्या आयांच्या बाळांना काही त्रास जास्त होतो का? गरोदरपणात बीपी वाढलेल्या महिलांचं वीस वर्षांनी काय होतं?

'रेकॉर्ड लिंकेज' ही कल्पना अमेरिकेतले आरोग्य सांख्यिकी अधिकारी हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली एका छोट्या लेखात मांडली होती. त्या काळी संगणक सहज उपलब्ध नव्हते. त्यामुळे प्रत्यक्षात हे काम मोठ्या प्रमाणावर व्हायला आणखी दोन दशकं लागली. आणि त्याला कारण ठरली एक शोकांतिका.

थॅलिडोमाइडनं जगाला काय शिकवलं?

ऑक्टोबर १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. शांत झोप लागावी म्हणून. मग गरोदरपणातल्या उलट्या-मळमळीसाठीही ते दिलं जाऊ लागलं. सुरक्षित औषध अशीच त्याची जाहिरात होती.

त्यानंतर हात-पाय अपुरे वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. पण एका डॉक्टरकडे असं एखादंच बाळ यायचं. त्याला वाटायचं, दुर्मीळ दोष आहे. दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरलाही तसंच वाटायचं. बाळाची नोंद एका ठिकाणी आणि आईनं घेतलेल्या औषधाची नोंद, झालीच असेल तर, दुसऱ्या ठिकाणी. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहणारी कोणतीही व्यवस्था नव्हती.

शेवटी जर्मनीतले विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हा धागा ओळखला. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. तोवर चार वर्षं गेली होती. जगभरात सुमारे दहा हजार बाळांना त्याची झळ बसली असं मानलं जातं. यात जन्माआधीच दगावलेली बाळं धरलेली नाहीत.

यातून धडा घेऊन नॉर्वेनं १९६७ साली देशातल्या प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवायला सुरुवात केली. राष्ट्रीय पातळीवरची अशी ही जगातली पहिली नोंदवही. पुन्हा कुठल्या दोषाचं प्रमाण वाढलं तर ते लवकर लक्षात यावं, हा तिचा मुख्य हेतू. १९७३ पासून स्वीडननंही तशीच नोंदवही सुरू केली.

स्वीडनकडे आणखी एक गोष्ट आधीपासून होती. १९४७ पासून तिथल्या प्रत्येक रहिवाशाला एक व्यक्तिगत क्रमांक मिळतो. शाळा, कर, दवाखाना, औषधाचं दुकान, सगळीकडे तोच. जन्माच्या नोंदवहीत आईचा आणि बाळाचा क्रमांक शेजारी लिहिला जातो. नोंदी जोडण्याचं अर्धं काम तिथेच होतं.

औषधाची थेट चाचणी का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. नवीन औषध आलं की अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना साधी गोळी देऊन फरक पाहतात. मग गरोदर महिलांच्या बाबतीत तसं का करत नाहीत?

कारण पोटातल्या बाळाला इजा होण्याची शक्यता असलेला प्रयोग मुद्दाम करणं नैतिकतेत बसत नाही. थॅलिडोमाइडनंतर तर औषध कंपन्या आणि नियामक इतके सावध झाले की गरोदर महिलांना बहुतेक चाचण्यांतून वगळलंच जाऊ लागलं.

याचा एक उलटा परिणाम झाला. चाचणीत त्या नाहीत, म्हणून औषध त्यांच्यासाठी सुरक्षित आहे की नाही हे माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून डॉक्टरही सांगायला कचरतात.

कोव्हिडमध्ये भारतानं हे अनुभवलं. आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. पण गरोदर महिलांना लस घेण्याची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ ला. मधल्या काळात डेल्टाची दुसरी लाट येऊन गेली होती. लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये गरोदर महिला नव्हत्याच, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठामपणे सांगता येईल असा पुरावा तेव्हा तोकडा होता.

म्हणूनच गरोदरपणाच्या बाबतीत जोडलेल्या नोंदींना इतकं महत्त्व आहे. इथे प्रयोग करावा लागत नाही. महिलांनी आपापल्या गरजेनुसार, डॉक्टरच्या सल्ल्यानं जे घेतलं ते घेतलेलंच असतं. त्याचा परिणाम काय झाला, एवढंच मागे वळून पाहायचं असतं.

स्वीडनच्या अभ्यासात काय दिसलं?

१९९५ ते २०१९ या काळात स्वीडनमध्ये जन्मलेल्या मुलांची माहिती संशोधकांनी घेतली. आईनं गरोदरपणात काय औषधं घेतली हे प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी सुईण म्हणजे मिडवाइफ विचारते आणि लिहून ठेवते. त्याला औषधांच्या चिठ्ठ्यांची राष्ट्रीय नोंदवही जोडली. पुढे मुलाला ऑटिझम, एडीएचडी किंवा बौद्धिक अक्षमतेचं निदान झालं का, हे दवाखान्यांच्या नोंदींतून घेतलं.

पहिल्या नजरेत थोडा फरक दिसला. दहा वर्षांच्या वयापर्यंत ऑटिझमचं निदान होण्याचं प्रमाण पॅरासिटामॉल न घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये १.३३ टक्के, तर घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये १.५३ टक्के होतं.

इथेच थांबलं असतं तर हेडलाइन तयार होती. पण संशोधक थांबले नाहीत.

कारण गोळी कुणी उगाच घेत नाही. ताप असतो, संसर्ग असतो, मायग्रेन असतो, सतत अंग दुखत असतं. मग मुलावर परिणाम झाला असेल तर तो गोळीचा की त्या दुखण्याचा? शिवाय ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तो कुठून आला हे कसं ओळखायचं?

भर पावसात रस्त्यावर पाहिलं तर ओली माणसं बहुतेक छत्रीवाली दिसतील. म्हणून छत्रीमुळे माणूस ओला होतो असं आपण म्हणत नाही. पाऊस आहे म्हणून छत्री आहे.

भावंडांची तुलना का केली?

हा या अभ्यासाचा कळीचा भाग आहे.

संशोधकांनी एकाच आईची दोन मुलं निवडली. एका गरोदरपणात तिनं पॅरासिटामॉल घेतली होती, दुसऱ्यात नव्हती. आई तीच. त्यामुळे तिच्याकडून येणारी आनुवंशिकता, घर, खाणंपिणं, कुटुंबाची परिस्थिती, तिला असलेली जुनी दुखणी यांतलं बरंचसं दोन्ही मुलांसाठी सारखं. मोठा फरक उरतो तो गोळीचा.

अशी तुलना केल्यावर आधी दिसलेला फरक गायब झाला. ऑटिझममध्ये नाही, एडीएचडीमध्ये नाही आणि बौद्धिक अक्षमतेतही नाही. म्हणजे पहिल्या आकड्यात दिसलेली वाढ गोळीमुळे नसून कुटुंबात आधीपासून असलेल्या गोष्टींमुळे असावी, असा निष्कर्ष निघाला.

ही तुलना शक्य कशामुळे झाली? आईचा क्रमांक तिच्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत होता म्हणून. नोंदी सुट्या असत्या तर ही दोन मुलं भावंडं आहेत हेच कळलं नसतं.

याशिवाय आणखी काय काय कळलं?

यादी मोठी आहे. त्यातली तीन उदाहरणं पाहूया.

पहिलं, एमएमआर लस आणि ऑटिझम. १९९८ साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी फक्त १२ मुलांवर आधारित एक शोधनिबंध छापला आणि जगभर लशीबद्दल भीती पसरली. २०१० साली 'लॅन्सेट'नं तो निबंध मागे घेतला. पण अफवा आजही जिवंत आहे. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० दरम्यान जन्मलेल्या ६ लाख ५७ हजार ४६१ मुलांच्या नोंदी जोडून पाहिल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त नव्हतं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

दुसरं उदाहरण आईच्या तब्येतीचं, आणि ते आपल्यातल्या अनेकींसाठी महत्त्वाचं आहे. गरोदरपणात बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जातात, त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. बाळंतपण झालं की बीपी बहुतेक वेळा खाली येतं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. नॉर्वेमध्ये १९६७ ते १९९२ या काळातल्या सहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडल्या गेल्या. ज्या महिलांना प्रीएक्लॅम्पसिया झाला आणि बाळही दिवस भरण्याआधी जन्मलं, त्यांचा पुढे हृदयविकारासारख्या आजारानं मृत्यू होण्याचा धोका इतर महिलांच्या तुलनेत सुमारे आठ पट होता. त्या वयात असे मृत्यू एकूणच कमी असतात, त्यामुळे आठ पट ऐकून घाबरायचं कारण नाही. पण चाळिशीत डॉक्टरकडे गेल्यावर 'बाळंतपणात बीपी वाढलं होतं' हे सांगायला हवं, हे त्यातून नक्की कळलं.

तिसरं, कोव्हिड. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक रुग्णाला एकच आरोग्य क्रमांक असतो. त्यामुळे तिथे गरोदरपण, लस, कोव्हिड चाचणी आणि आयसीयू या चारही नोंदी झटपट जोडता आल्या. डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात कोव्हिडमुळे आयसीयूसारख्या अतिदक्षता उपचारांची गरज पडलेल्या गरोदर महिलांपैकी ९८ टक्के महिलांनी लस घेतलेली नव्हती. या काळात लस न घेतलेल्या महिलांची संख्याच जास्त होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण बाळांचा आकडा जास्त बोलका आहे. कोव्हिडचं निदान झाल्यावर २८ दिवसांच्या आत प्रसूती झालेल्या महिलांमध्ये, प्रसूतीच्या आसपास किंवा पहिल्या महिन्यात बाळ दगावण्याचं प्रमाण हजार जन्मांमागे २२.६ होतं. महासाथीच्या काळात हेच प्रमाण एकूण हजारी ५.६ होतं. आणि दगावलेल्या या सगळ्या बाळांच्या आयांनी संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेली नव्हती.

हे निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासाचा कालावधी संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

मग नोंदी कधीच चुकत नाहीत का?

चुकतात. आणि हे समजून घेणंही तितकंच गरजेचं आहे.

नोंदीत तेवढंच असतं जेवढं कुणीतरी लिहिलं. स्वीडनच्या अभ्यासात फक्त साडेसात टक्के महिलांनी गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याची नोंद आहे. इतर देशांतल्या पाहण्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. पॅरासिटामॉल चिठ्ठीशिवाय मिळते, डोकं दुखलं की घेतली जाते, आणि तपासणीच्या वेळी सांगायचं राहून जातं. म्हणजे 'न घेतलेल्या' गटात घेतलेल्या काही महिला असणारच. टीकाकार या मुद्द्यावर बोट ठेवतात आणि तो मुद्दा बिनबुडाचा नाही.

भावंडांच्या तुलनेलाही मर्यादा आहेत. दोन बाळंतपणांमध्ये आईचं वय वाढतं, परिस्थिती बदलते.

त्यामुळे एका अभ्यासावर कुणीही शंभर टक्के शिक्का मारत नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतीनं केलेल्या अभ्यासांचा कल कुठे आहे, ते पाहिलं जातं. पण १२ मुलांची कहाणी आणि २५ लाख मुलांच्या नोंदी यांच्या वजनात फरक आहेच.

माझी खासगी माहिती कुणी पाहतं का?

गरोदरपणाच्या नोंदींत खूप नाजूक गोष्टी असतात. आधीचा गर्भपात, एचआयव्हीची चाचणी, मानसिक आजाराची औषधं, लग्नाआधीचं गरोदरपण. ही माहिती सासरच्या, नोकरीच्या ठिकाणच्या किंवा विमा कंपनीच्या हातात गेली तर काय होईल, याची कल्पना प्रत्येकीला आहे.

म्हणून या देशांनी काही कुंपणं घातली आहेत.

स्वीडनमध्ये संशोधकाला व्यक्तिगत क्रमांक दिला जात नाही. सरकारी संस्था नोंदी जोडतात, क्रमांक काढून त्याजागी निरर्थक आकडा टाकतात आणि मगच माहिती पुढे देतात. त्यासाठी आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९५ पासून काम विभागून केलं जातं. नावं-पत्ते जुळवणाऱ्यांना आजार दिसत नाहीत आणि आजारांचा अभ्यास करणाऱ्यांना नावं दिसत नाहीत.

पण फक्त नाव काढलं म्हणजे माणूस लपतो असं नाही. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत लटान्या स्वीनी या तरुण संशोधिकेनं हे दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं नावं काढून दिलेल्या आरोग्य नोंदींमधून तिनं फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडच्या आधारे खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. छोट्या गावात हा धोका आणखी मोठा. ज्या गावात वर्षभरात एकच जुळ्यांचं बाळंतपण झालं, तिथे नाव लिहायची गरजच काय?

आणखी एक गोष्ट. स्वीडन किंवा डेन्मार्कमध्ये अशा अभ्यासासाठी प्रत्येक आईची वेगळी परवानगी घेतली जात नाही. कायदा आणि समित्यांवर समाजाचा विश्वास आहे, त्यावर हे चालतं. हा विश्वास उडाला तर काय होतं हे इंग्लंडनं पाहिलं. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करण्याची 'केअर डॉट डेटा' ही योजना तिथे आली. माहिती नेमकी कुणाला देणार, नको असेल तर बाहेर कसं पडायचं, हे लोकांना नीट सांगितलंच गेलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत योजना थांबवावी लागली आणि जुलै २०१६ मध्ये कायमची गुंडाळली गेली. तंत्रज्ञान होतं, पैसा होता. लोकांनी नको म्हटलं.

भारतात हे का होत नाही?

आपल्याकडे नोंदीच नाहीत असं मुळीच नाही. उलट आशाताई आणि नर्सताई यांचा निम्मा वेळ रजिस्टर भरण्यातच जातो.

२००९ साली केंद्रानं गरोदर महिला आणि बालकांचा नावानिशी माग ठेवणारी यंत्रणा सुरू केली. तिची जागा पुढे आरसीएच पोर्टलनं घेतली. नोंदणी झालेल्या गरोदर महिलेला त्यावर एक क्रमांक मिळतो. हातात माता व बाल संरक्षण कार्ड असतं. २०२१ पासून देशभर 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक आला आहे. दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचं प्रमाणही वाढलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात ते ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के आहे.

मग अडतं कुठे?

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात एक महिला गरोदर आहे. पहिली नोंद सासरच्या उपकेंद्रात झाली. सोनोग्राफी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात, तिची फाइल वेगळी. दिवाळीच्या सुमारास कुटुंब ऊसतोडीला कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलं. तिथे ताप आला, जवळच्या डॉक्टरनं चिठ्ठीच्या मागे गोळ्या लिहून दिल्या. बाळंतपणाला ती माहेरी आली, दुसऱ्याच जिल्ह्यात. तिथल्या कागदावर तिचं माहेरचं नाव आणि आडनाव लागलं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तिथे त्याची नोंद 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव अशी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि बाळाला नाव मिळालं. पुढच्या लसीच्या कार्डावर ते नवं नाव आलं.

एक आई, एक बाळ आणि पाच-सहा कागद. त्यांतल्या प्रत्येकावर नाव, गाव किंवा वय थोडं वेगळं. मराठीत 'ज्योती' लिहिलं तर ते इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. संगणकाला कसं कळणार की हे सगळं एकाच माणसाचं आहे?

नावांत फरक असला तरी वय, गाव, तारीख अशा अनेक खुणा एकत्र पाहून 'या दोन नोंदी बहुधा एकाच व्यक्तीच्या आहेत' असं गणितानं ठरवता येतं. ही पद्धत १९५० च्या दशकात कॅनडात विकसित झाली. पण मूळ नोंदच नसेल तर गणित काय करणार? खासगी दवाखान्याची फाइल सरकारी पोर्टलवर येत नाही, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी तर कुठेच लिहिली जात नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवलं?

सगळा देश जोडता येत नसेल तर निदान काही गावं तरी जोडता येतात. महाराष्ट्रात हे तीस वर्षांपूर्वीच झालं आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. महिला गरोदर राहण्याआधीपासून त्यांची माहिती घेतली. गरोदरपणात त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, हे नोंदवलं. मग जन्मलेल्या बाळांचा माग ठेवला. पहिल्या वर्षापासून ती मुलं मोठी होईपर्यंत.

यातून जे हाती लागलं ते स्वीडनच्या नोंदींतून कधीच कळलं नसतं. आपली बाळं जन्मतः वजनानं कमी, दिसायला किडकिडीत, पण युरोपातल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचं प्रमाण जास्त. ज्या आयांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट प्रतिसाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट आहे. गरोदरपणात फोलिक ॲसिडच्या गोळ्या सर्रास दिल्या जाणाऱ्या आणि बहुतांश शाकाहारी जेवणाऱ्या समाजासाठी ही मोठी गोष्ट होती. फोलिक ॲसिड बंद करा, असा याचा अर्थ नाही. बाळाच्या मणक्यासाठी ते लागतंच. बी-१२ कडेही लक्ष द्यायला हवं, एवढा त्याचा अर्थ आहे.

आपले प्रश्न आपलेच आहेत. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आकडा ५२.२ टक्के. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. यांतली कोण वाचू शकली असती, कुठल्या टप्प्यावर धागा तुटला, याचं उत्तर नॉर्वेच्या रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

ते सापडायचं तर नोंदी जोडायला हव्यात, आणि जोडायच्या तर कुंपण आधी हवं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी अटींसह सूट ठेवलेली आहे. त्या अटी किती कडक असतील, जोडणारी संस्था कोण असेल आणि गैरवापर झाला तर बाई दाद कुठे मागेल, यावर खूप काही अवलंबून आहे. 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे आणि माहिती संमतीनंच पुढे जाते, असं सरकार सांगतं. पण ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला मोबाइलवर आलेला ओटीपी सांगताना आपण कशाला हो म्हणतोय हे कुणी समजावून सांगतं का, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

गरोदरपणात ताप आला तर तो अंगावर काढू नका. तापाचाही बाळावर परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, गरजेपुरती आणि कमीत कमी दिवस घ्या. रील पाहून सुरू करू नका आणि रील पाहून बंदही करू नका.

घेतलेली प्रत्येक गोळी तपासणीच्या वेळी सांगा, अगदी मेडिकलमधून स्वतः आणलेलीसुद्धा. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा, आणि माहेरी जाताना बरोबर न्या. देशाची यंत्रणा जोडली जाईल तेव्हा जाईल, तोवर हा दोरा तुमच्याच हातात आहे.

'गरोदरपणात अमुक घेतल्यानं बाळाला तमुक होतं' असा मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती आया-मुलांवरून हे सांगितलं जातंय? ज्यांनी ते घेतलं त्यांना आधीच काही दुखणं होतं का? आणि भावंडांची तुलना केली का?

तिन्हींची उत्तरं मिळत नसतील तर फॉरवर्डचं बटण न दाबलेलं बरं.